सगळी खनिजं विदर्भातच का? पश्चिम महाराष्ट्रात नुसता काळा दगड का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: कोळसा, मँगनीज, लोखंड, चुनखडी हे सगळं पूर्व टोकालाच का, आणि पुणे-साताऱ्याकडे खोल खणलं तर तसंच काही मिळेल का. मी भूशास्त्र शिकलोय, त्यामुळे हा प्रश्न मला नातेवाईकही विचारतात, बहुधा जमीन घेताना.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास इथे भेगांमधून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले. आज महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग त्या थिजलेल्या लाव्ह्याच्या काळ्या दगडाखाली, म्हणजे बेसॉल्टखाली आहे. पण हे झाकण सगळीकडे सारख्या जाडीचं नाही. कोयनेच्या परिसरात ते काही ठिकाणी सव्वा किलोमीटर भरतं, किल्लारीला भूकंपानंतर बोअर घेतलं तेव्हा 338 मीटरवर संपलं आणि नागपुरात तर शहरातच संपतं. सीताबर्डीची टेकडी बेसॉल्टची, तिथून पूर्वेला गेलात की पायाखाली नाइस, म्हणजे शेकडो कोटी वर्षांचा जुना खडक. विदर्भाचं नशीब एवढंच, की तिथला जुना खडक उघडा राहिला.

आता त्या उघड्या भागात कोळसा का आला, ते बघण्यासारखं आहे. बस्तर आणि धारवाड असे दोन प्राचीन भूखंड आहेत, त्यांचा सांधा साधारण आजच्या प्राणहिता-गोदावरीच्या रेषेत येतो. भारत गोंडवन महाखंडात, म्हणजे दक्षिणेकडच्या एकत्र जोडलेल्या खंडांत, अडकलेला असताना ताण पडला आणि जमीन या जुन्या, कमकुवत सांध्यावरच खचली. लांबट खचदरी तयार झाली. सुरुवातीला तिथे हिम होतं. चंद्रपूरजवळ इरई गावापाशी नदीपात्रात चुनखडीवर हिमनदीने ओढलेले ओरखडे अजून दिसतात (चंद्रपूरच्या उन्हात उभं राहून हे पटवून घ्यायला जरा वेळ लागतो). मग हवा उबदार झाली, दलदलीत जंगलं वाढली, मेली, गाळाखाली गेली. जंगलं पुष्कळ ठिकाणी होती हो, पण इथे दरीचा तळ खचतच राहिला, म्हणून तो पालापाचोळा कुजून उडून न जाता गाडला गेला. पंचवीस ते एकोणतीस कोटी वर्षांपूर्वीचा हा काळ. वणी, घुग्घुस, बल्लारपूरच्या खाणी याच पट्ट्यात, आणि पुढे तेलंगणातलं सिंगरेणीही. दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांतला कोळसासुद्धा अशाच खचदऱ्यांमधला. भारताच्या नकाशावर कोळसा नद्यांच्या कडेने पट्ट्यापट्ट्याने दिसतो तो यामुळे.

मँगनीजची गोष्ट उलटी आहे, तिथे ताण नाही, दाब. समुद्रतळावर साचलेला मँगनीजयुक्त गाळ सुमारे शंभर कोटी वर्षांपूर्वी भूखंडांच्या रेट्यात सापडला, दुमडला, भाजला. मनसर, कांद्री, डोंगरी बुजुर्ग ते बालाघाट असा कमानीसारखा पट्टा त्यातून आला. गडचिरोलीतल्या सुरजागडचं लोखंड त्याहून जुनं, बस्तर भूखंडाचं. छत्तीसगडमधल्या बैलाडिलाच्या लोखंडाचं तेच घराणं. चंद्रपूरची चुनखडी, ज्यावर सिमेंट कारखाने उभे आहेत, ती उथळ प्राचीन समुद्रातली.

पश्चिमेला काहीच नाही असं मात्र म्हणू नका. दक्षिण टोकाला सिंधुदुर्गातल्या रेडीत धारवाडचा खडक उघडा पडलाय आणि तिथे गोव्यासारखंच लोखंड आहे. कोल्हापूरकडच्या सड्यांवर बेसॉल्टच झिजून बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज, झालंय. आणि मादागास्कर, मग सेशेल्स भारतापासून तुटले तेव्हा पश्चिम किनाऱ्याची कड खचली, तिच्यावर गाळ आणि चुनखडी साचली. 1974 मध्ये बॉम्बे हाय हे समुद्रातलं तेलक्षेत्र सापडलं ते तिथे.

राहिला खणण्याचा प्रश्न. वर्धा खोऱ्याच्या पश्चिम कडेला कोळशाचे थर बेसॉल्टखाली शिरलेले आहेत, तिथे झाकण पातळ असल्याने शोध घेणं परवडतं. पुणे-साताऱ्याची गोष्ट वेगळी. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल बोअर घेतली गेली, त्यांत बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट-नाइस लागला, मध्ये गाळाचा खडकच नाही. म्हणजे निदान त्या भागात खाली कोळसा असण्याचं कारण नाही. धातूंचं कुणी सांगावं, पण किलोमीटरभर कातळ फोडून ते काढायचा खर्च धातूच्या भावात बसणार नाही. तुमच्या जमिनीत खडी मात्र भरपूर आहे.