वाचक विचारतात : पुस्तकातून पत्त्यांची हातचलाखी

गणपतीच्या कार्यक्रमासाठी पत्त्यांचे प्रयोग बसवायला घेतलेल्या बडोदेकर वाचकांची पत्रं या महिन्यात आली. बहुतेकांच्या हाताशी शिकवणारं माणूस नाही, फक्त पुस्तक आहे. त्यामुळे उत्तरंही त्याच बाजूनं दिली आहेत.

रद्दीत एक इंग्रजी पुस्तक मिळालं. १४० पानांत १२५ प्रयोग आहेत. यावरून शिकता येईल का, हे प्रयोग न करता कसं ओळखायचं? (वाचक, रावपुरा)

पानांचा आणि प्रयोगांचा हिशेबच पुष्कळ सांगतो. एका प्रयोगाला जेमतेम एक पान मिळत असेल, तर त्यात प्रयोगाचं वर्णन मावतं, हाताचं काम मावत नाही. अशा पुस्तकात हमखास एक वाक्य सापडतं : ‘मग निवडलेलं पान गुपचूप सर्वांत वर आणावं.’ सगळी विद्या त्या ‘गुपचूप’मध्ये आहे आणि तीच सांगितलेली नाही. हे पुस्तक कल्पनांसाठी ठेवा, हात मात्र दुसऱ्या पुस्तकावर बसवा.

कोणतंही पुस्तक पारखताना त्यातली एकच क्रिया निवडा आणि कॅट हातात घेऊन वाचा. सुरुवातीला प्रत्येक बोट कुठे आहे, हे सांगितलंय का? चित्र करणाऱ्याच्या बाजूनं काढलंय की बघणाऱ्याच्या, हे कळतंय का? कळत नसेल तर चित्रातला अंगठा पाहा. डावा अंगठा चित्रातही डावीकडे असेल तर चित्र तुमच्या बाजूचं, उजवीकडे असेल तर समोरच्याच्या बाजूचं. पुढचं बघायचं ते हे : क्रिया कोणत्या क्षणी करायची, त्या वेळी बघणाऱ्याची नजर कुठे हवी, कोणत्या बाजूनं गुपित उघडं पडतं आणि क्रिया झाल्यावर हात पुन्हा नेहमीसारखे कसे करायचे. बोटांबद्दल भरभरून आणि क्षणाबद्दल एक शब्दही नाही, अशी पुस्तकं फार आहेत. त्यातून शिकलेला माणूस क्रिया बिनचूक करतो आणि तरी पकडला जातो, कारण सगळे त्याच्या हातांकडे बघत असतानाच तो ती करतो.

क्रमही बघा. ‘रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’ (१९४८) हे नवशिक्यासाठी अजूनही चांगलं आहे, कारण ते हातावर पत्ते पिसण्यापासून सुरू होतं आणि प्रत्येक क्रियेपाठोपाठ तीच क्रिया वापरणारे प्रयोग देतं. याउलट अर्डनेस या टोपणनावानं १९०२ साली शिकागोत निघालेलं ‘द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल’ इंटरनेटवर फुकट मिळतं म्हणून अनेक जण आधी तेच उघडतात. त्याचा मोठा भाग जुगाराच्या टेबलावरच्या हातचलाखीचा आहे, भाषा आटीव आहे आणि एकेका वाक्यात चार बोटांची हालचाल कोंबलेली आहे. ग्रंथ थोर आहे, पण वर्षभर हात बसल्यावर घ्यावा.

वाचण्याची रीत : पुस्तक एका हातात आणि कॅट दुसऱ्या हातात, असं जमत नाही. क्रियेचा उतारा स्वतःच्या मराठीत, प्रत्येक बोटाचं नाव घेऊन, सावकाश मोबाइलवर बोलून ठेवा. मग दोन्ही हात मोकळे ठेवून तो ऐकत क्रिया करा. जिथे तुम्हालाच तुमचं वाक्य मराठीत नीट सांगता आलं नाही, तिथे मूळ उतारा समजलेला नाही असं समजा.

डबल लिफ्ट, म्हणजे दोन पानं एक म्हणून उचलणं, तीन महिने करतोय. पानं उलटताना मधेच फाकतात. पुस्तकात लिहिलंय तसंच करतो, तरी असं का होतं? (वाचक, दांडिया बाजार)

पानं उलटताना फाकतात, पण चूक बहुधा त्याच्या आधी झालेली असते. म्हणून पहिल्यापासून बघू.

कॅट डाव्या हातात, पत्ते वाटताना धरतो तसा. अंगठा डाव्या लांब कडेवर, तर्जनी पुढच्या आखूड कडेवर, बाकीची तीन बोटं उजव्या लांब कडेला. आता अंगठ्यानं वरची तीन-चार पानं उजवीकडे पाचेक मिलिमीटर पसरा. उजव्या हातानं ती परत सारखी करताना करंगळीच्या टोकाचं मांस वरून दुसऱ्या पानाखाली येऊ द्या. तिथे जी फट राहते ती मिलिमीटर-दोन मिलिमीटर पुरते, आणि ती फक्त तुमच्या बाजूच्या उजव्या कोपऱ्यात हवी. पुढून बघणाऱ्याला कॅट बंद दिसला पाहिजे. करंगळीचं नख आत गेलं तर फट मोठी होते आणि बाजूनं दिसते.

ही तयारी उचलण्याच्या क्षणी करायची नाही. आधी, बोलता बोलता, कोणी पत्त्यांकडे बघत नसताना करायची आणि फट धरून थांबायचं. बहुतेकांचं इथेच बिघडतं : ऐन वेळी मान खाली घालून कोपऱ्यावर दोन पानं मोजत बसतात.

मग उजव्या हाताची तर्जनी फटीत, अंगठा पाठीवर, असा तुमच्या बाजूचा उजवा कोपरा धरा आणि वहीचं पान उलटतो तशी जोडी डावीकडे उलटा. फाकण्याचं खरं कारण या चिमटीत आहे. घाबरून दाबलं की अंगठा वरच्या पानाला एकीकडे आणि तर्जनी खालच्याला दुसरीकडे ढकलते आणि पानं एकमेकांवर तिरपी सरकतात. चिमटीत जोर नको, जोडीला लांबीच्या दिशेनं अगदी किंचित बाक हवा. बाक आलेली दोन पानं एकमेकांना धरून राहतात, सपाट पानं घसरतात. जोडी कॅटवर पडेल तेव्हा ती तुमच्या बाजूला अर्धा सेंटिमीटर बाहेर राहू द्या. म्हणजे परत उलटताना पुन्हा फट करावी लागत नाही, त्या बाहेर आलेल्या कडेलाच धरता येतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. जोडी ज्या रीतीनं उलटता, अगदी त्याच रीतीनं एकेरी पानही उलटायला शिका. एकेरी पान बेफिकिरीनं आणि जोडी जपून, असं झालं की दोन पानं फाकली नाहीत तरी समोरच्याला काहीतरी खटकतं. तपासणी अशी करा : मोबाइल समोर ठेवून वीस वेळा पान उलटा, त्यात दहा एकेरी आणि दहा जोड्या, क्रम मिसळून. व्हिडिओ आवाज बंद करून घरातल्या कुणाला तरी दाखवा आणि कोणत्या वेळी काही वेगळं वाटलं एवढंच विचारा. दहांपैकी सात-आठ जोड्या ओळखल्या गेल्या तर क्रिया अजून कच्ची आहे. उत्तरं अंदाजपंचे येऊ लागली की ती झाली. आणि ‘हे बघा, एकच पान आहे’ असं कधी म्हणू नका. कोणी विचारलेलं नसतं.

प्रयोग चालू असताना फाकलंच, तर सारवासारव नको. पानं कॅटमध्ये सारा, पिसा, दुसरा प्रयोग सुरू करा.

निवडलेलं पान पिसून वर आणताना ते नेहमी वरून दुसरं येतं. कुठे चुकतं? (वाचक, मांडवी)

चूक नेहमी एकाच पानाची होते, यावरून कारण नेमकं सांगता येतं.

निवडलेलं पान डाव्या हातातल्या गठ्ठ्यावर ठेवलंत. त्यावर उजव्या हातातल्या पत्त्यांतलं पहिलं पान एकटंच ओढायचं आणि ते तुमच्या बाजूला पाच-सहा मिलिमीटर बाहेर राहू द्यायचं. बाकीची पानं त्यावर थोडी वेडीवाकडी पिसायची, म्हणजे बाहेर आलेलं पान उठून दिसत नाही. मग उजव्या अंगठ्यानं ते बाहेरचं पान *वर* ढकलत कॅट उचलायचा. फट त्याच्या खाली तयार होते. फटीपर्यंतची पानं पिसून संपवायची आणि उरलेला गठ्ठा तसाच वर टाकायचा. त्या गठ्ठ्याच्या माथ्यावर निवडलेलं पान असतं.

तुमचा अंगठा बाहेरचं पान खाली दाबतोय. मग फट त्याच्या वर होते, ते पान खालच्या गठ्ठ्याबरोबर राहतं आणि निवडलेल्याच्या डोक्यावर बसतं. म्हणून दुसरं. अंगठ्याची दिशा बदला, बाकी काही बदलायची गरज नाही.

पावसाळ्यात पत्ते चिकटतात. पावडर लावू का? कोणता कॅट घ्यावा? (वाचक, सयाजीगंज)

पावडर लावू नका. दोन दिवस बरं वाटतं, मग घामात मिसळून तिचा चिखल होतो. कागदी पत्ते हवेतली ओल शोषून कडेला फुगतात आणि वाकतात. हात साबणानं धुऊन पूर्ण कोरडे करा, सराव संपला की कॅट डबीत घट्ट बसवून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. सरावाचा आणि कार्यक्रमाचा कॅट वेगळा.

गुळगुळीत चकचकीत स्वस्त पत्ते एकमेकांना धरून बसतात. पृष्ठभागावर बारीक दाणे उठवलेले कागदी पत्ते घ्या, त्या दाण्यांमधल्या हवेमुळे पानं सुटी सरकतात. संपूर्ण प्लास्टिकचे पत्ते रमीला उत्तम आणि टिकतातही, पण ते बाक धरत नाहीत. डबल लिफ्टला तर बाकच हवा. मोठ्या मापाचं पान साधारण ६३ × ८८ मिलिमीटर असतं, अरुंद माप ५७ × ८८. ५२ पानांची जाडी १५–१६ मिलिमीटरच्या आसपास भरते. पाठीवर चारही बाजूंनी पांढरी कड असलेला कॅट घ्या. कॅटमध्ये एखादं पान उलटं ठेवायचं असेल, तर पत्ते थोडे पसरले तरी पांढऱ्या कडेमुळे ते लपतं. पाठीची नक्षी थेट कडेपर्यंत गेलेली असेल, तर लगेच चमकतं.

माझी मुलगी अकरा वर्षांची. पान तळहातात लपवायचा प्रयत्न करते, पण कोपरा बाहेर दिसतो. (पालक, अलकापुरी)

हात वाढेपर्यंत ते थांबू द्या. अरुंद मापाचे पत्ते द्या आणि पिसणं, खूणपानाचा प्रयोग (शेवटच्या उत्तरात दिलाय), तळचं पान मागे सरकवून त्याच्या वरचं काढणं, एवढं पक्कं करू द्या. रोज पंधरा मिनिटं दोनदा. सलग दोन तास बसली तर मनगट दुखेल आणि चुकाच पाठ होतील.

डावखुऱ्यानं पुस्तकातलं सगळं उलट करायचं का? (वाचक, कारेलीबाग)

पत्ते वाटताना कॅट आपोआप कोणत्या हातात जातो ते बघा. उजव्या हातात जात असेल तर सगळं उलट करा, आणि मग सगळंच. अर्धं असं, अर्धं तसं नको. पुस्तकातल्या चित्राचा फोटो काढून मोबाइलवर आडवा उलटवला की चित्र तुमच्या हाताचं होतं. एक अडचण राहते : आकडे दोनच कोपऱ्यांत असलेले पत्ते डाव्या हातानं उलट दिशेला पसरले की आकडे झाकले जातात. चारही कोपऱ्यांत आकडे असलेला कॅट शोधा.

मंडळाच्या कार्यक्रमासाठी पुस्तकातून किती प्रयोग निवडू? चांगला कोणता हे कसं ठरवू? (वाचक, वाडी)

तीन पुरेत. आणि निवडताना पुस्तकातली ‘रीत’ झाकून फक्त ‘काय दिसतं’ हा भाग वाचा. बघून घरी गेलेला माणूस ते एका वाक्यात सांगू शकेल का? ‘मी पान निवडलं, मीच कॅटमध्ये खुपसलं आणि ते माझ्या खिशातून निघालं’ : सांगता येतं. ‘आधी तीन गठ्ठे केले, मग मी कुठल्या गठ्ठ्यात ते सांगितलं, मग परत…’ : नाही.

दुसरं उदाहरण कुठलं ते ओळखीचं असेल. २१ पानं, सात-सातचे तीन गठ्ठे, पान असलेला गठ्ठा दर वेळी मधे ठेवायचा, तीन फेऱ्यांनंतर पान बरोबर अकरावं. हा कधीच चुकत नाही आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकात असतो. तरी मंचावर घेऊ नका. तीन वेळा २१, म्हणजे ६३ पानं एकेक करून वाटायची, आणि एवढा वेळ प्रेक्षकाला बघायला काहीच नाही. शिवाय वाटप बघूनच हे गणित आहे असा वास येतो.

त्याच्याशी खूणपानाचा प्रयोग ताडून बघा. तळचं पान, समजा चौकटची सत्ती, हळूच बघून ठेवलंत. निवडलेलं पान कॅटवर ठेवायला लावलं, कॅट कापून खालचा भाग वर ठेवला, की सत्ती त्या पानाच्या नेमकी वर बसते. मग प्रेक्षकानं कितीही वेळा सरळ कापलं तरी ही जोडी शेजारीच राहते. फार तर एक पान कॅटच्या वर आणि दुसरं तळाला येईल. फक्त पिसायला देऊ नका. बोटांचं काम जवळपास शून्य, आणि पत्ते प्रेक्षकाच्या हातात. प्रयोगाचं मोल रीत किती अवघड यावर नसतं, हे या दोन प्रयोगांवरून लगेच कळतं.

मग जागा बघा. मंडपात लहान मुलं पुढे जमिनीवर बसतात, म्हणजे ती तुमच्या हातांकडे खालून बघतात. तळचं पान सरकवणं किंवा पान तळहातात धरणं तिथे उघडं पडतं. बाजूला उभे असलेले लोक करंगळीची फट बघू शकतात. आणि तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या मागे बदामची नव्वी की दश्शी हे दिसतच नाही. म्हणून निवडलेलं पान पुढच्या कुणाकडून तरी मोठ्यानं सगळ्यांना सांगवून घेता येईल, असे प्रयोग घ्या. अर्थात तुम्ही पाठ फिरवून कान झाकलेत तर.