टेम्पो ट्रॅव्हलर कॅम्परचे इंजिन घरी बदलावे का, आणि बदलायचे तर कसे

आपण मांडलेली परिस्थिती थोडक्यात अशी आहे. १९९८ सालच्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये मागे पलंग, ओटा आणि पाण्याची टाकी बसवून केलेली कॅम्पर आपल्याकडे आहे आणि तिची नोंदणी चिकोडीची, म्हणजे केए २३ आहे. इंजिन सकाळी लवकर लागत नाही, लागल्यावर बराच वेळ धूर सोडते, ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेल फेकते आणि गोव्याहून परतताना चोर्ला घाटात दम तोडते. कोल्हापुरात त्याच जातीचे एक जुने इंजिन मिळते आहे. ते आपण आणि आपले बंधू मिळून निपाणीतील घराच्या अंगणात बसवू शकाल का, की खर्च करायचाच आहे तर एखादे आधुनिक कॉमन रेल (संगणकाच्या आज्ञेने, उच्च दाबाने डिझेल फवारणारे) इंजिन बसवावे, असा आपला प्रश्न आहे.

घरी बसवता येईल, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या कामात इंजिन उचलण्याचा दिवस सर्वांत सोपा असतो. काम फसते ते बहुधा त्याआधी न केलेल्या तपासणीमुळे किंवा न घेतलेल्या परवानगीमुळे. म्हणून पान्ह्यांपेक्षा या दोन गोष्टींवर मी अधिक लिहितो.

आपल्या गाडीत २३९९ सीसीचे ओएम ६१६ इंजिन असणार; तरी ब्लॉकवरचा क्रमांक पाहून खात्री करून घ्यावी. मर्सिडीझ-बेंझच्या या इंजिनाचे उत्पादन बजाज टेम्पो कंपनीने भारतात परवान्यावर केले, आणि तीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते. हे प्री-चेंबरचे, म्हणजे डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटवणारे इंजिन आहे. त्याचे थंडीत लागणे हीटर प्लग (तो कप्पा तापवणारा) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवेचा दाब) या दोहोंवर अवलंबून असते, त्यामुळे सकाळी उशिरा लागते एवढ्यावरून ते संपले असे ठरवता येत नाही. या इंजिनाचे टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांतली फट, विशेषतः एक्झॉस्टचे, वापराने सैल होण्याऐवजी घट्ट होत जातात. ते घट्ट झाले की व्हॉल्व्ह आपल्या जागी पूर्ण बसत नाही, दाब निसटतो आणि कॉम्प्रेशन मोजणारा माणूस पिस्टनच्या रिंगा गेल्या असे सांगून मोकळा होतो. म्हणून मोजण्याआधी, इंजिन थंड असताना, इनलेटचे अंतर ०.१० मि.मी. आणि एक्झॉस्टचे ०.३० मि.मी. करून घ्यावे. हे आकडे मूळ जर्मन इंजिनाचे आहेत. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळे दिले असतील तर पुस्तिका प्रमाण मानावी. त्यानंतर डिझेल फवारणारे चारही नोझल पंप-नोझलचे काम करणाऱ्याकडे तपासून घ्यावेत. ते साधारण ११५ ते १२५ बार दाबाला उघडले पाहिजेत आणि त्यांतून डिझेलची धार न येता बारीक फवारा आला पाहिजे. टायमिंगची साखळी ताणली असेल तर पंपाचे टायमिंगही मागे पडते, आणि त्याचा धूर आपण वर्णन केलेल्या धुरासारखाच असतो.

एवढे झाल्यावर गरम इंजिनावर कॉम्प्रेशन मोजावे. तंदुरुस्त इंजिनात ते २२ ते २४ बार असते. एखाद्या सिलिंडरमध्ये ते १५ बारच्या खाली गेले असेल, किंवा दोन सिलिंडरांमध्ये ३ बारपेक्षा अधिक फरक असेल, आणि ब्रीदरचा जोरही तसाच राहिला असेल, तर मात्र इंजिन उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

उतरवल्यावर दुसरे बसवायचे की तेच बांधायचे, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण मी तो आधी विचारला असता. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, तसेच कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव भागांत, बोअर करणारे, क्रँक घासून देणारे आणि हेड सपाट करून देणारे कारागीर जुन्या डिझेल इंजिनांना सरावलेले आहेत. ब्लॉक तडकलेला नसेल आणि क्रँकमध्ये घासण्याइतके माप शिल्लक असेल, तर आपले स्वतःचे इंजिन बांधून घेण्यात एक मोठा लाभ आहे: ब्लॉक तोच राहतो, त्यावरचा क्रमांक तोच राहतो आणि आरटीओकडे जाण्याचे कारणच उरत नाही. उतरवण्या-चढवण्याची मेहनत दोन्हीकडे सारखीच आहे. जुने इंजिन स्वस्त पडते हे खरे, परंतु ते चालू स्थितीत पाहायला मिळणार नसेल तर आपण एका आजारी इंजिनाऐवजी दुसरे अनोळखी इंजिन घरी आणत आहात, एवढाच त्याचा अर्थ होतो.

तरीही बदलायचेच ठरले, तर कॉमन रेलचा विचार सोडून द्यावा. त्या इंजिनासोबत संगणक, संपूर्ण वायरिंग, सेन्सर, उच्च दाबाचा पंप, वेगळी इंधन व्यवस्था आणि बहुधा वेगळा रेडिएटर येतो. यांपैकी एकाही गोष्टीला आपल्या गाडीत जागा ठेवलेली नाही, आणि प्रवासात ती बिघडली तर रामनगर किंवा अनमोडच्या रस्त्यावरचा मेकॅनिक तिला हात लावणार नाही. ओएम ६१६ त्या रस्त्यावरही दुरुस्त होते, आणि कॅम्परच्या इंजिनाला याहून मोठा गुण असू शकत नाही. कायद्याची अडचण वेगळीच आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे अधिक कडक झाले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. झिजलेल्या इंजिनाच्या जागी त्याच बनावटीचे आणि त्याच तपशिलांचे इंजिन मात्र परवानगीने बसवता येते.

ही परवानगी आधी घ्यायची असते, नंतर नव्हे. चिकोडीच्या कार्यालयात अर्ज देताना विक्रेत्याचे पक्के बिल आणि ते इंजिन ज्या गाडीतून निघाले तिच्या आरसीची प्रत जोडावी. गाडीवर कर्ज असेल तर वित्तसंस्थेचे संमतिपत्रही लागेल. बदल झाल्यावर १४ दिवसांच्या आत तो कळवून आरसीवर नवा क्रमांक चढवून घ्यावा आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे. आपली गाडी १५ वर्षांपलीकडची असल्यामुळे दर पाच वर्षांनी तिच्या नोंदणीचे नूतनीकरण होते, आणि त्या तपासणीत चेसिस व इंजिनाचे क्रमांक कागदाशी ताडून पाहिले जातात. तेव्हा हे काम पुढे ढकलून फायदा नाही. इंजिन महाराष्ट्रातून येऊन कर्नाटकातील गाडीत बसणार आहे, म्हणून बिलावर इंजिनाचा क्रमांक स्वच्छ लिहून घ्या, आणि बिल न देणारा विक्रेता कितीही स्वस्त देत असला तरी परत फिरा.

विक्रेत्याकडे जाताना बॅटरी, डिझेलचा डबा आणि कॉम्प्रेशन गेज सोबत न्यावे. इंजिन जमिनीवर ठेवून थोडा वेळ चालवून दाखवता येते, आणि चांगला विक्रेता त्यास नकार देत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या इंजिनाची छायाचित्रे सर्व बाजूंनी काढून नेणे. इंजिन एकाच जातीचे असले तरी दुसऱ्या गाडीतून निघालेल्या इंजिनाचा संप (खालचे तेलाचे भांडे), फाउंडेशनचे हात (इंजिन चौकटीवर धरणारे), मॅनिफोल्ड, फ्लायव्हील किंवा अल्टरनेटरची जागा वेगळी असू शकते. संप आणि हात आपल्या इंजिनाचे काढून लावता येतात. बेल हाउसिंगची, म्हणजे गिअर बॉक्स जोडण्याच्या कवचाची, भोके जुळत नसतील तर पुढे बोलण्यासारखे काही राहत नाही. व्हॅक्यूम पंपाकडे विशेष लक्ष द्यावे. डिझेल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम या पंपातून मिळतो, तो इंजिनावर असेल किंवा अल्टरनेटरच्या मागे असेल, आणि तो दुर्बल असेल तर नवे इंजिन छान पळेल, पण पेडल मात्र दगडासारखे लागेल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. हंगाम दिवाळीनंतरचा धरावा. मृगापासून आपल्याकडे उघड्यावर इंजिन खोलून ठेवणे शक्य नाही. अंगणात शहाबादी फरशी असेल तर तिच्यावर जॅक किंवा घोडी थेट टेकवू नये, कारण एका ठिकाणी भार आला की ती तडकते. खाली जाड फळ्या घालाव्यात. ओळखीत एखादी रिकामी तंबाखूची वखार असेल तर सावली आणि उंची दोन्ही मिळतील, परंतु जुन्या छपराच्या तुळईला इंजिन टांगण्याचा मोह आवरावा.

ट्रॅव्हलरचे इंजिन सरळ वर उचलून काढता येत नाही, कारण त्याचा मागचा भाग केबिनच्या आत, दोन आसनांच्या मध्ये शिरलेला असतो. पुढची जाळी, रेडिएटर आणि त्याची चौकट काढून ते पुढच्या बाजूने बाहेर घ्यावे लागते. त्याआधी खालून प्रोपेलर शाफ्ट सोडवून गिअर बॉक्स उतरवून घेतला तर इंजिनाची लांबी कमी होते आणि ते ओढणे सुकर जाते. विहिरीतून मोटर वर काढायची तीन पायांची लोखंडी घोडी गावात सहज मिळते, पण तिचा एक पाय नेमका गाडीच्या वाटेत येतो. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना दोन-दोन पाय आणि वर आडवी तुळई असलेली चौकट वेल्डिंगवाल्याकडून भाड्याने घ्यावी. एक टनाची चेन कुप्पी पुरते. इंजिन दोनशे किलोच्या पुढचे आहे, त्यामुळे त्याहून हलकी घेऊ नये. इंजिन फाउंडेशनवरून चार बोटे वर उचलावे, ते तसेच लटकते ठेवावे आणि गाडीच हळूहळू मागे ढकलावी. बंधूंनी फक्त मागच्या नळ्या आणि वायरी कुठे अडकत नाहीत ना, एवढेच पाहावे. इंजिन लटकलेले असताना त्याच्याखाली कोणाचाही हात जाता कामा नये, आणि गाडीखाली जाताना जॅकवर विसंबू नये.

कॅम्पर असल्यामुळे काही गोष्टी साध्या ट्रॅव्हलरपेक्षा वेगळ्या आहेत. गॅसची टाकी पहिल्या दिवशीच गाडीतून काढून घराबाहेर मोकळ्या जागी ठेवावी. गाडीत दोन बॅटऱ्या असतील. इंजिनाची बॅटरी सोडवली म्हणजे वीज बंद झाली असे समजू नये, कारण पंखे-दिव्यांची दुसरी बॅटरी रिलेमार्गे अल्टरनेटरच्या जाड वायरीशी जोडलेली असते आणि पाना तिथे टेकला तर ठिणगी उडते. दोन्हींचे निगेटिव्ह सोडवावे. पाण्याची टाकी रिकामी करावी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, आणि गाडी हाताने ढकलायची आहे. कॅम्पर बनवणाऱ्याने इंजिनाच्या भागातून कुठून कुठे वायरी नेल्या आहेत, हे कोणत्याही पुस्तिकेत सापडणार नाही, म्हणून प्रत्येक जोडणीला कापडी पट्टी बांधून तिच्यावर क्रमांक लिहावा.

इंजिन बाहेर असताना मागचे ऑइल सील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, क्लचचे बेअरिंग, फाउंडेशनचे रबर आणि सर्व होज नवे घालावेत. हे भाग जुनेच ठेवणे ही खोटी काटकसर आहे; त्यांतला एकही भाग सहा महिन्यांनी गेला तर पुन्हा निम्मे काम करावे लागते. क्लच प्लेट बसवताना ती मध्यावर धरण्यासाठी गिअर बॉक्सचा एखादा जुना इनपुट शाफ्ट मिळवावा, नाहीतर गिअर बॉक्स शेवटच्या बोटभर अंतरावर अडून बसतो, आणि मग बोल्टने ओढून तो बसवण्याच्या प्रयत्नात हाउसिंगचा कान तुटतो.

पहिल्यांदा सुरू करताना स्टॉपचा लिव्हर ओढून धरावा आणि ऑइलचा दाब दिसेपर्यंत थांबत-थांबत सेल्फ मारावा. मग हातपंपाने फिल्टरमधील आणि पंपातील हवा काढावी, नोझलच्या नळ्यांचे नट सैल करून डिझेल बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत सेल्फ द्यावा, आणि ते नट घट्ट करून हीटर देऊन सुरू करावे. रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे पाणी न घालता तयार कूलंट घालावे. गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी, इंजिन चालू असताना, ब्रेकचे पेडल किती हलके लागते ते उभ्या जागी पाहावे. पहिले काही दिवस निपाणी ते कागल एवढ्याच टप्प्यात, गाडी रिकामी ठेवून चालवावे, आणि सुमारे ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदलून टॅपेट पुन्हा तपासावेत. त्यानंतर तवंदी घाट, मग सामान भरून वंटमुरी, आणि दोन्ही ठिकाणी तापमानाचा काटा स्थिर राहिला तरच चोर्ला.

जुने इंजिन भंगारात देण्याची घाई करू नये. आरसीवर नवा क्रमांक चढेपर्यंत ते क्रमांकासह तसेच ठेवावे, कारण तपासणी अधिकारी ते पाहायला मागू शकतात. पुढे विकतानाही त्याचा पंप, हेड, सेल्फ आणि व्हॅक्यूम पंप वेगळे काढून घरी ठेवावेत. नव्याने आणलेल्या इंजिनाला हेच भाग आधी लागतात.