वाचकांचे प्रश्न : गॉडफादर व्हायचंय, पण नियमात बसतो का?

गिरगावातल्या चाळीत आमची आणि मित्राची खोली समोरासमोर होती. आता दोन्ही घरांची तिसरी पिढी एकत्र वाढतेय. तो कॅथलिक, आम्ही हिंदू. त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मीच गॉडफादर, म्हणजे तिचा धर्मपिता, हवा, असा त्याचा हट्ट आहे. चर्च हो म्हणेल का?
— एक वाचक, दादर

नाही म्हणेल. मित्राला सांगा, हॉल बुक करण्याआधी ही गोष्ट फादरांच्या कानावर घाल. बरेच जण पत्रिका छापून मोकळे होतात आणि मग पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, ऑफिसातल्या फॉर्मवर घोडं अडतं.

कॅथलिक चर्चच्या १९८३च्या धर्मसंहितेत, कॅनन (म्हणजे कलम) ८७४मध्ये, अटी स्पष्ट आहेत. गॉडफादर किंवा गॉडमदर स्वतः कॅथलिक हवी, तिचे प्रथम ख्रिस्तप्रसाद (फर्स्ट कम्युनियन) आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) हे विधी झालेले हवेत, वय १६ पूर्ण हवं, वागणं श्रद्धेला धरून हवं, आणि ती मुलाची आई किंवा वडील नसावी. वयाच्या बाबतीत फादर योग्य कारणासाठी सूट देऊ शकतात, धर्माच्या बाबतीत नाही. कारण साधं आहे. विधीत फादर आईवडिलांना आणि गॉडपेरेंट्सना विचारतात, ‘सैतानाचा त्याग करता का? देवपित्यावर, येशू ख्रिस्तावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का?’ उत्तर स्वतःच्या श्रद्धेने द्यायचं असतं. तुम्ही तिथे ‘ठेवतो’ म्हणालात तर ते मित्राखातर बोललेलं खोटं ठरेल. प्रोटेस्टंट मित्र असता तर एका कॅथलिक गॉडपेरेंटच्या जोडीला ‘साक्षीदार’ म्हणून उभा राहू शकला असता. बाप्तिस्माच न झालेल्याला तेही नाही.

नियमाने एक गॉडपेरेंट पुरतो. तेव्हा तिथे मित्राची बहीण किंवा चुलतभाऊ उभा राहू दे आणि तुम्ही संध्याकाळच्या पार्टीतला टोस्ट, म्हणजे ग्लास उंचावण्याआधीचं छोटं भाषण, मागून घ्या. मुंबईच्या कॅथलिक घरांत केक कापताना टोस्ट देणाऱ्याचा मान मोठा असतो. तीन मिनिटांच्या वर बोलू नका. दोन घरं जवळ कशी आली याचा एकच प्रसंग सांगा, तोही पाहुण्यांना कळेल असा. चाळीतल्या सगळ्यांची नावं घेत बसलात की मागची टेबलं गप्पांना लागतात. मग बाळासाठी आशीर्वाद आणि ग्लास वर. सगळ्यांच्या हातात ग्लास पोचल्याशिवाय सुरू करू नका, हे एमसीला, म्हणजे सूत्रसंचालकाला, आधीच सांगून ठेवा. नाहीतर ‘चिअर्स’च्या वेळी निम्मा हॉल रिकाम्या हाताने उभा असतो.

आणखी एक. आईवडिलांचं बरंवाईट झालं तर मूल गॉडफादरकडे जातं, हा समज हिंदूंइतकाच कॅथलिक घरांतही आहे. कायद्यात त्याला आधार नाही. मित्राला तुमच्यावर तशी जबाबदारी खरंच टाकायची असेल तर जागा मृत्युपत्रात आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५च्या कलम ६०नुसार वडील मृत्युपत्राने अज्ञान मुलासाठी पालक नेमू शकतात, आणि तिथे धर्माची अट नाही. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. वाद झालाच तर कोर्ट मुलाचं हित आधी बघतं, हेही लक्षात ठेवा.

माझ्या दोन जिवलग मैत्रिणी आहेत, दोघींनाही गॉडमदर करायचं आहे. त्यातली एक दुबईत, तिला सुट्टी मिळणार नाही. व्हिडिओ कॉल चालेल?
— एक वाचक, बोरिवली

दोन गॉडमदर चालत नाहीत. एक पुरुष, किंवा एक स्त्री, किंवा दोघांपैकी एकेक, एवढीच मुभा आहे. व्हिडिओ कॉलवर कौतुक बघता येईल, गॉडमदर होता येणार नाही. फादरांच्या परवानगीने तिच्या वतीने प्रतिनिधी उभी राहू शकते. नोंदवहीत गॉडमदर म्हणून दुबईच्या मैत्रिणीचं नाव आणि प्रतिनिधीचं नाव वेगळं लिहून घ्या. तिच्या तिथल्या पॅरिशचं पत्र आणि दृढीकरणाचं सर्टिफिकेट आधीच मागवा, शेवटच्या आठवड्यासाठी ठेवू नका.

आमचं मत विचाराल तर मुंबईतलीला आता उभी करा आणि दुबईच्या मैत्रिणीला मुलाच्या दृढीकरणासाठी राखून ठेवा. बाप्तिस्म्याचीच व्यक्ती दृढीकरणाला असावी असं चर्च सुचवतं, सक्ती करत नाही.

पुढच्या महिन्यात गॉडमदर म्हणून उभी राहणार आहे. बाळ चार महिन्यांचं. चर्चमध्ये नेमकं काय होतं, सोबत काय न्यायचं?
— एक वाचक, माहीम

सुरुवात दारापाशी होते. फादर बाळाचं नाव विचारतात, कपाळावर क्रूसाची खूण करतात आणि मग आईवडिलांना व तुम्हाला करायला सांगतात. वाचन आणि प्रार्थनेनंतर छातीवर तेल लावतात. गोंधळ होतो तो इथेच. मागून बटणं असलेला, गळ्यापर्यंत लेस असलेला फ्रॉक घातला की फादरांचा अंगठा छातीपर्यंत पोचत नाही, मग वेदीसमोर ओढाताण आणि बाळाचा टाहो. समोरून उघडणारा कपडाच घाला.

बाप्तिस्म्याच्या पाण्याच्या कुंडापाशी बाळाला कोणी धरायचं हे घरच्यांनी आधी ठरवावं. आई, वडील किंवा तुम्ही, कोणीही चालतं. बाळाची मान तुमच्या डाव्या कोपराच्या घडीत, तोंड वर, डोकं कुंडावर किंचित मागे झुकलेलं. हनुवटी वर राहिली की तीन वेळा ओतलेलं पाणी मागे वाहतं. मान पुढे कलली की डोळ्यांत आणि नाकात जातं. खांद्यावर मऊ सुती पंचा असू द्या. पाण्यानंतर टाळूवर क्रिस्मा हे पवित्र तेल लागतं, म्हणून टोपीची नाडी दारातच सोडून ठेवा.

पुढे पांढरं वस्त्र. अनेक घरांत ते गॉडमदरच आणते. इथे पूर्ण ड्रेस बदलायला जाऊ नका, खांद्यावरून टाकता येईल असं छोटं सुती वस्त्र शिवून घ्या. शेवटी मेणबत्ती. ती पास्काच्या (ईस्टरच्या) मोठ्या मेणबत्तीवरून पेटवतात, बहुतेक वेळा वडील किंवा गॉडफादर. दुकानातल्या सजवलेल्या जाड मेणबत्तीची वात मेणात बुडालेली असते आणि पटकन पेट घेत नाही. घरी एकदा पेटवून, वात मोकळी करून न्या. कागदाची चकती लावा, नाहीतर गरम मेण हातावर. आणि वरचा पंखा दोन मिनिटं बंद करायला आधीच कुणाला तरी सांगून ठेवा.

दूध साधारण पाऊण तास आधी पाजा. बाळ रडलं तर रडू दे, फादरांना सवय असते.

धर्मकन्येला सोन्याची साखळी द्यावी की तिच्या नावे पैसे ठेवावेत?
— एक वाचक, वसई

पाळण्यातल्या बाळाच्या गळ्यात साखळी नको. ओढली जाते, तुटते, क्रूस तोंडात जातो. फोटोपुरती घालून काढून ठेवायची. घेणारच असाल तर २२ कॅरेटवर ९१६चा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा हॉलमार्क ओळख क्रमांक) बघा, बीआयएस केअर ॲपवर तपासा. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि बाळाचे क्रूस बहुधा त्यातच मोडतात. म्हणून बिलावर वजन आणि शुद्धता लिहून घ्याच.

पैशांचं म्हणाल तर सुकन्या समृद्धीचं खातं तुम्हाला उघडता येणार नाही. ते आईवडील किंवा कायदेशीर पालकच उघडतात, मुलगी दहा वर्षांची होण्याआधी. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. तुम्ही दरवर्षी ठरलेली रक्कम पालकांच्या हाती द्या, भरतील ते.

प्राप्तिकराच्या नजरेत गॉडफादर ‘नातेवाईक’ नाही. नातेवाईक नसलेल्या सगळ्यांकडून एका आर्थिक वर्षात मिळालेली रोख किंवा दागिने, दोन्ही वेगवेगळे मोजून, ५०,००० रुपयांच्या वर गेले तर त्या प्रकारची सगळी रक्कम करपात्र होते आणि साधारणपणे आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त, त्याच्या उत्पन्नात मिळवली जाते. लग्नाच्या आहेराला सूट आहे, बाप्तिस्म्याच्या पाकिटांना नाही. आजच्या भावाने पाच ग्रॅमची साखळीही ही मर्यादा गाठू शकते.

ज्यांना गॉडपेरेंट्स केलं त्या कुटुंबाशी आता बोलणंही उरलेलं नाही. नोंदवहीतलं नाव बदलून मिळेल?
— एक वाचक, अंधेरी

नाही. त्या दिवशी कोण उभं होतं, याची ती नोंद आहे. लिहिताना स्पेलिंग चुकलं असेल तर पॅरिश ऑफिस पुरावा बघून दुरुस्ती करतं, भांडण झालं म्हणून नाव खोडत नाही. दृढीकरणाला दुसरी व्यक्ती निवडा. मुलापासून मात्र हे लपवू नका. लग्न ठरल्यावर बाप्तिस्म्याचं ताजं सर्टिफिकेट काढावं लागतं, आणि त्यावर ही दोन्ही नावं असू शकतात.