आयुष्यभर स्वतंत्र ग्राफिक डिझायनर म्हणून काम केल्यावर मागे वळून पाहताना काय वाटतं?

तुम्ही लिहिलंय की एजन्सीत चार वर्षं झाली, आता नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू करायचंय, आणि ज्यांनी जन्मभर हेच केलं त्यांचा अनुभव हवाय. मी पुण्यात तीस-पस्तीस वर्षं हेच करतोय. समाधान वाटतं. आणि माझं काम कशावर टिकलं हे मला नेमकं सांगता येतं: मराठी मजकुराची जबाबदारी मी स्वतःकडे घेतली. रंग, फोटो, मांडणी सगळेच करतात. "मजकूर आला तसा टाकला" असं मात्र मी कधी म्हटलं नाही.

मी कमर्शिअल आर्ट शिकलो तेव्हा वर्गात संगणक नव्हता. अक्षरं हाताने काढायची. वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी काढलेली नावं बघत बसायचो. नाटक विनोदी की गंभीर, हे नावाच्या वळणावरूनच कळायचं. अक्षराला स्वभाव असतो हे तिथे समजलं.

सुरुवातीच्या कामांत टाइपसेटिंगचे ब्रोमाईड, म्हणजे मजकूर उमटलेले फोटोचे कागद, यायचे आणि आर्टवर्क कागदावर चिकटवून करायचं. एक वेलांटी चुकली तर नवीन ब्रोमाईडसाठी पुन्हा पैसे आणि एक दिवस. मग जुन्या ब्रोमाईडमधून त्याच मापाची वेलांटी शोधायची, ब्लेडने कापायची, चिमट्याने उचलून रबर सोल्युशनवर बसवायची आणि शिरोरेषेला शिरोरेषा भिडवायची. कापलेल्या कडेला पांढरा रंग लावायचा, कारण कडेची सावली प्रोसेस कॅमेऱ्यात पकडली गेली तर निगेटिव्हवर बारीक रेघ उमटते आणि ती थेट छापून येते. एका वेलांटीला वीस मिनिटं जायची. एवढं केल्यावर पुढच्या मजकुरातली चुकीची वेलांटी आपोआप डोळ्यांत खुपायला लागते.

मग पेजमेकर, कोरलड्रॉ आले, मराठीसाठी श्रीलिपी, आकृती आली. सोय खूप झाली, पण प्रत्येकाचा फॉन्ट वेगळ्या पद्धतीने बांधलेला. फाइल दुसऱ्या मशीनवर उघडली की सगळा मजकूर अगम्य. म्हणून प्रेसला देताना अक्षरं कर्व्हमध्ये करून, म्हणजे त्यांचं चित्र करून द्यायची, आणि एकदा कर्व्ह केलं की दुरुस्ती अवघड. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर चालणारी एकच अक्षरपद्धत, आलं आणि हा त्रास बराच कमी झाला. तरी जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढला की रफार भलत्या अक्षरावर जातो, आणि 'सुऱ्या' मधला अर्धा र तर हमखास बिघडतो. फोटोशॉप किंवा इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांसाठीचं सेटिंग चालू नसेल तर पहिली वेलांटी चुकीच्या जागी बसते आणि जोडाक्षरं हलन्त दाखवून सुटी होतात. असे बोर्ड आजही रस्त्यावर दिसतात आणि मला मनापासून वाईट वाटतं. शाळेचा बोर्ड असेल तर जास्तच.

आणखी एक गोष्ट, जी एजन्सीत फारशी कोणी सांगत नाही. ल आणि श यांची मराठी वळणं वेगळी आहेत. पाकळीचा ल, देठाचा श. राज्य शासनाने २००९ मध्ये वर्णमालेबद्दल जो निर्णय काढला त्यातही हीच वळणं प्रमाण धरली आहेत. पण बऱ्याच फॉन्टमध्ये आधी हिंदी वळण येतं. चांगल्या फॉन्टमध्ये भाषा 'मराठी' निवडली की ते बदलतं. दोन क्लिकचं काम आहे. ते न करता मराठी ग्राहकाला काम देणं मला पटत नाही.

माझी सर्वांत जिव्हाळ्याची कामं म्हणजे पतसंस्था आणि सहकारी बँकांचे वार्षिक अहवाल. या कामांना बक्षिसं मिळत नाहीत. अहवालाच्या सुरुवातीला श्रद्धांजलीचं पान असतं, वर्षभरात वारलेल्या सभासदांची नावं. ते पान मी प्रूफवर वाचत नाही, मोठ्याने वाचून दुसऱ्याला मूळ यादीशी ताडायला लावतो. ताळेबंदातला आकडा चुकला तर हिशेब तपासनीस बघेल. हे नाव मात्र कोणाच्या तरी घरी पुन्हा पुन्हा वाचलं जाणार असतं. अशा कामांमुळे एकेक संस्था वर्षानुवर्षं माझ्याकडे येत राहिली, अध्यक्ष बदलले तरी.

पैशांचं थोडक्यात सांगतो. अर्धी रक्कम आधी घ्या, दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते लिहून द्या, छपाईआधी प्रूफवर सही घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योगाची सरकारी नोंदणी, पहिल्याच महिन्यात करा, ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. व्याज मी कधी वसूल केलं नाही. पण बिलावर उद्यम क्रमांक आणि ही एक ओळ छापायला लागल्यापासून "पुढच्या महिन्यात बघू" हे उत्तर खूप कमी झालं. एका बांधकाम व्यावसायिकाकडे माझे ब्रोशरचे पैसे वर्षभर अडकले होते, तेही असेच सुटले. आणि पीएफ कापणारं कोणी नसतं, तेव्हा पीपीएफ लगेच उघडा.

एआयचं तुम्ही विचारलंत. चित्रं झटपट मिळतात, मीही कच्च्या कल्पनेसाठी वापरतो. पण त्यातली देवनागरी अक्षरं तपासल्याशिवाय पुढे पाठवू नका. जोडाक्षरं मोडलेली, मात्रा गळलेल्या असं मी बरंच पाहिलंय. अक्षर ओळखणारा माणूस लागणारच आहे, आणि तो तुम्ही व्हावं असं मला वाटतं.

नोकरी सोडायचीच असेल तर महिना बघून सोडा. आपल्याकडे जून-जुलै मंदीचे असतात. सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात, त्यामुळे अहवालांची कामं ऑगस्टपासून अंगावर येतात, पाठोपाठ दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आणि जाहिराती. जुलैअखेर मोकळ्या झालात तर पहिले तीन महिने हाताला काम राहील. त्याआधी दोन रविवार काढून जवळच्या पतसंस्थांचे मागच्या वर्षीचे अहवाल मिळवा, एखादं पान नीट मांडून घ्या, आणि तेच घेऊन व्यवस्थापकांना भेटा.