रविवारी टोकन देऊ नकोस

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

पुण्यात सिंहगड रोडचा तो दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुम्हा दोघांना आवडला, मालकीणबाई बोलायला गोड आहेत आणि रविवारी 1 लाख टोकन द्यायचं ठरलंय, हे काल तू फोनवर एका दमात सांगितलंस. तुझ्या आवाजातला आनंद ऐकून मला बरं वाटलं. पण फोन ठेवला आणि मन थाऱ्यावर राहिलं नाही, म्हणून हे लिहायला बसले. या रविवारी टोकन देऊ नकोस. एकदा पैसे हातातून गेले की माणूस घर बघायचं थांबवतो आणि घेतलेला निर्णय बरोबर कसा आहे, हेच स्वतःला पटवत राहतो.

"बँक कर्ज देतेय मावशी, म्हणजे कागद ठीकच असणार" असं तू म्हणालीस. बँक आपलं कर्ज बुडणार नाही ना, एवढ्यापुरतं बघते. तू आपला वकील कर, एजंटाने सुचवलेला नको. त्याच्याकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट घे, म्हणजे एवढ्या वर्षांत जागा कोणाकोणाच्या नावावर होती आणि तिच्यावर बोजा आहे का, याचा तपास. बिल्डरपासून आत्ताच्या मालकीणबाईंपर्यंतचे सगळे करारनामे, प्रत्येकाची सूची 2 (नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा, इंडेक्स टू) आणि नोंदणीच्या पावत्या ओळीने लागल्या पाहिजेत. मधला एखादा करार "गावी राहिलाय" असं उत्तर आलं, तर तो हातात येईपर्यंत पुढचं बोलणं नको. मालकीणबाईंचं स्वतःचं कर्ज अजून चालू असेल, तर मूळ कागद बँकेत असतात. किती बाकी आहे याचं बँकेचं पत्र माग, आणि ती रक्कम परस्पर बँकेत भरली जाईल असं करारात लिहून घे.

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायच्या परवानगीचा दाखला, ज्याला सगळे ओसी म्हणतात, ते स्वतः वाच. नुसतं "आहे" म्हणून भागत नाही. कित्येक इमारतींना ते तुकड्यातुकड्याने मिळतं आणि एखादा मजला किंवा विंग त्यात नसते. आपला मजला त्यात आहे का बघ. मंजूर नकाशाही माग. स्वयंपाकघराला लागून धुण्याभांड्यांची मोठी जागा आहे, असं तू कौतुकाने सांगत होतीस. मला शंका आहे की ती बंद केलेली बाल्कनी असावी. नकाशात बाल्कनी आणि प्रत्यक्षात खोली असेल, तर उद्या नोटीस येईल ती तुझ्या नावाने.

आता माझ्या अनुभवाचं सांगते. नऊ वर्षं मी आमच्या सोसायटीची सचिव होते. तेवढ्या काळात कितीतरी फ्लॅट विकले गेले. घर बघायला आलेली माणसं टाइल्स बघत, गॅलरीतून दिसणारी टेकडी बघत आणि निघून जात. सोसायटीचं दफ्तर बघायला मागणारे एकच गृहस्थ आले, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी मागच्या तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं आणि ऑडिट रिपोर्ट माझ्या टेबलावर बसून वाचले. मग वर जाऊन स्वयंपाकघरातला नळ पूर्ण सोडला, खाली बादली ठेवली आणि ती भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजलं. त्यांनी फ्लॅट घेतला नाही. मला तेव्हा राग आला होता, कारण आमचं कुठे दुखतंय ते त्यांना तासाभरात कळलं होतं.

आमचं दुखणं होतं कन्व्हेयन्सचं. बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून दिलीच नव्हती. लोक राहायला येऊन अकरा वर्षं झाली तरी मिळकत पत्रिकेवर, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या सरकारी कागदावर, जुन्या जमीनमालकाचंच नाव! मोकळ्या जागेत आणखी एक इमारत उभी करायच्या हालचाली दिसल्या तेव्हा आम्ही जागे झालो. मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डर देत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर व्हावी यासाठी, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केला, आणि मग एकेका सभासदाचा जुना करारनामा गोळा करताना माझ्या चपला झिजल्या. तू घेतेयस ती इमारतही त्याच वयाची आहे. म्हणून सचिवांना विचार: कन्व्हेयन्स झालं का? मिळकत पत्रिका किंवा सातबारा कोणाच्या नावावर आहे? दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे? लिफ्ट किंवा रंगकामासाठी प्रत्येकी मोठी रक्कम काढायचं सभेत घाटतंय का? या विक्रेत्यांची काही थकबाकी? पार्किंग करारात लिहिलंय, की नुसतं तोंडी? रेरा हा बांधकामांचा नवा कायदा येण्याआधीच्या, जुन्या मोफा कायद्याखालच्या इमारतींत उघडं किंवा स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं आहे. त्यामुळे "आमचं विकत घेतलेलं आहे" या वाक्यावर जाऊ नकोस. फ्लॅट तुझ्या नावावर करायला सोसायटीला हस्तांतराचं शुल्कही 25,000 रुपयांच्या वर मागता येत नाही, मग त्याला देणगी म्हणोत की आणखी काही.

पाण्याबद्दल दोन प्रश्न आहेत. एक, एप्रिल-मे महिन्यात टँकर किती येतात? सोसायटीच्या खर्चाच्या वहीत टँकरची बिलं महिन्यावार सापडतील, तोंडी उत्तरापेक्षा ती बघ. दुसरा प्रश्न नदीचा. 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडजवळच्या नदीकाठच्या एकतानगरीत लोकांच्या घरात शिरलं, ते तू टीव्हीवर पाहिलंस. तुझी इमारत तिथून लांब नाही. दुसरा मजला असला तरी पंप, मीटर, पाण्याची जमिनीतली टाकी आणि तुमची गाडी, सगळं खालीच असतं. निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराचं पाणी कुठवर येऊ शकतं ते दाखवणाऱ्या सरकारी रेषा, नकाशावर कुठून जातात हे वकिलाला काढायला सांग. आणि कोपऱ्यावरच्या वाण्याला सहज विचार, त्या दिवशी पाणी कुठपर्यंत आलं होतं. तो दुकानाच्या शटरवर हात ठेवून दाखवेल.

घरात गेलीस की कपाट सरकवायला सांग. लाज वाटू देऊ नकोस. भिंतीला हात लावला की ओल थंड लागते, पोपडा नखाने निघतो. बाथरूमच्या छताकडे बघ, वरच्यांची गळती तिथे डाग पाडते. एकाच भिंतीला नवा रंग दिसला तर का दिला ते विचार.

पैशाचं थोडक्यात. समजा 70 लाखांचा करार झाला, तर पुण्यात 7 टक्के मुद्रांक शुल्क (स्टॅम्प ड्युटी) म्हणजे 4,90,000, वर नोंदणीचे 30,000. घर फक्त तुझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांकात 1 टक्का सवलत आहे, म्हणजे 70,000 वाचतात. दोघांच्या नावावर ती मिळत नाही. कर्ज दोघांचं असल्याने याचा विचार दोघांनी बसून करा, मी त्यात पडत नाही. शासनाचा रेडीरेकनर दर, म्हणजे शासनाने त्या भागासाठी ठरवलेली किंमत, करारापेक्षा जास्त निघाला तर मुद्रांक त्यावर लागतो. 50 लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात 1 टक्का टीडीएस, म्हणजे विकणाऱ्याच्या पैशातून आयकर, कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची असते, ती विसरलीस तर दंड तुला.

मालकीणबाईंना आजच फोन कर. "घर आवडलंय, कागद बघून टोकन देते" असं सरळ सांग. खरोखर विकायचं असेल तर त्या आठ दिवस थांबतील. रविवारी सकाळी साडेसहाला मी फाटकाशी येते, नळाला पाणी असतं ती वेळ. टॉर्च आणि मोजपट्टी माझ्याकडे आहे. तू मागच्या तीन सभांची इतिवृत्तं तेवढी मागून ठेव, आणि जावईबापूंनाही लवकर उठव.

तुझी,
मावशी