डीव्हीआरची हार्ड डिस्क बदलायची आहे? तुमचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : चार कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरमध्ये (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्रात) १ टीबीची डिस्क आहे. पाच-सहा दिवसांपलीकडचं काहीच सापडत नाही. महिनाभराचं रेकॉर्डिंग राहावं म्हणून केवढी डिस्क घेऊ?

आधी मेनूत जाऊन प्रत्येक कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा लिहिला जातो ते बघा. तो ४ एमबीपीएस (सेकंदाला ४ मेगाबिट, म्हणजे अर्धा एमबी) असेल तर एक कॅमेरा तासाला १.८ जीबी, म्हणजे दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा खातो. चौघांचे मिळून १७३ जीबी. १ टीबी सहा दिवसांच्या आतच भरणार, त्यात डिस्कचा काही दोष नाही. महिन्याला सव्वापाच टीबी लागतील, म्हणजे ६ टीबीची डिस्क.

पण खरेदीआधी एन्कोडिंग, म्हणजे चित्रण दाबून लहान करण्याची पद्धत तपासा. डीव्हीआरमध्ये एच.२६५ या नव्या पद्धतीची सोय असूनही तो जुन्या एच.२६४वर चालताना अनेकदा दिसतो. एच.२६५ निवडून बिटरेट जवळपास निम्म्यावर आणला तरी चित्रात सहसा फारसा फरक जाणवत नाही. हे करून महिन्याचं काम ४ टीबीत भागू शकतं. शेवटी माहितीपुस्तिकेत एका सॅटा पोर्टला (डिस्क जोडायच्या खाचेला) जास्तीत जास्त किती टीबी चालतात ते वाचा. काही जुनी यंत्रं २ टीबीच्या पुढची जागा ओळखतच नाहीत.

प्रश्न : जुन्या संगणकातली डिस्क पडून आहे, ती चालेल का? की सरळ एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकू?

संगणकाची डिस्क चालू होईल, पण मी ती बसवणार नाही. वरच्याच चार कॅमेऱ्यांचा हिशेब धरला तर वर्षाला ६३ टीबी लिहिलं जातं. डेस्कटॉपच्या अनेक डिस्क वर्षाला ५५ टीबीच्या आसपासच्या कामासाठी बनवलेल्या असतात, तर सर्व्हेलन्स डिस्क (सीसीटीव्हीसाठीच बनवलेल्या) साधारण १८० टीबीसाठी. शिवाय खराब सेक्टर (डिस्कवरचा बिघडलेला लहान भाग) लागला की डेस्कटॉप डिस्क तो वाचण्याचा बराच वेळ प्रयत्न करत बसते आणि तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये खंड पडू शकतो. सर्व्हेलन्स डिस्क लिखाण अडू न देता पुढे सरकते.

एसएसडीच्या वेगाचा इथे उपयोग नाही. चार कॅमेरे मिळून सेकंदाला २ एमबी लिहितात, साधी डिस्क शंभराहून जास्त एमबी पेलते. त्या पैशात मोठी हार्ड डिस्क घ्या.

प्रश्न : काढलेली डिस्क संगणकाला जोडली तर तो 'फॉरमॅट करायची का?' असं विचारतो. आतलं रेकॉर्डिंग गेलं का?

गेलेलं नाही. 'नाही' म्हणा आणि डिस्क काढून ठेवा. बहुतेक डीव्हीआर स्वतःच्या वेगळ्या पद्धतीने लिहितात, ते संगणकाला वाचता येत नाही.

खरा धोका पुढे आहे. जुनं काही बघण्यासाठी ही डिस्क पुन्हा डीव्हीआरमध्ये घातली की यंत्र लगेच रेकॉर्डिंग सुरू करतं, आणि डिस्क भरलेली असेल तर सर्वात जुनं पुसायला घेतं. चोरीचं किंवा अपघाताचं चित्रण हवं असेल, तर डिस्क घालण्याआधी मेनूत ओव्हरराइट (जुन्यावर नवं लिहिणं) बंद करा, सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी काढा आणि मगच बॅकअपमधून ते पेन ड्राइव्हवर उतरवा. त्याहून बरं म्हणजे हे काम डिस्क बदलण्याआधीच उरकणं. नवी डिस्क घातल्यावर यंत्र ती फॉरमॅट करतं, त्यामुळे जुनं आपोआप तिच्यावर येत नाही.

प्रश्न : टीव्हीच्या रेकॉर्डिंगवाल्या सेट-टॉप बॉक्सची डिस्कही अशीच बदलता येते का?

बॉक्स कंपनीच्या मालकीचा असेल तर उघडू नका. स्वतःचा असला तरी त्यातलं रेकॉर्डिंग बहुधा त्याच बॉक्सशी बांधलेलं आणि एन्क्रिप्ट केलेलं (सांकेतिक रूपात कुलूपबंद) असतं, नुसती डिस्क हलवून ते दुसरीकडे दिसत नाही. यूएसबी डिस्कची सोय असेल तर तीच वापरा.

प्रश्न : ४ टीबीची नवी डिस्क ३.६३ टीबीच दाखवते. शिवाय डीव्हीआर सारखा रीस्टार्ट होतो.

पहिली गोष्ट ठीक आहे. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, यंत्र १०२४च्या.

रीस्टार्टसाठी आधी अॅडॅप्टरवर संशय घ्या. डिस्क फिरायला लागताना सर्वात जास्त करंट खेचते. साडेतीन इंची डिस्क त्या क्षणी १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या जवळ जाऊ शकते. कॅमेरेही त्याच अॅडॅप्टरवर असतील तर ते काढून बघा. मग यंत्रावर लिहिलेल्याच व्होल्टचा, तितक्या किंवा जास्त अँपिअरचा अॅडॅप्टर लावा. तरीही थांबलं नाही, तर वीज बंद करून सॅटाची वायर बदला. तेवढ्यानेही भागलं नाही तर डिस्क वॉरंटीत बदलून घ्या.