पावसाळ्याच्या मासेमारी बंदीत बोटीचं पेट्रोलवरचं आउटबोर्ड इंजिन गंजू नये म्हणून काय करावं?

१ जूनच्या बंदीआधी शेवटच्या फेरीवरून आल्याबरोबर इंजिन गोड्या पाण्यावर १०-१५ मिनिटं चालवा. थंडाव्याच्या वाटांमध्ये अडकलेलं मीठच ते आतून खातं. मग उभंच ठेवून पाणी पूर्ण निथळू द्या. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं फॉगिंग ऑइल (आतून गंज धरू नये म्हणून वापरायचं तेल) सोडा, किल स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप काढून स्टार्टरची दोरी हळू ओढा, म्हणजे ते पसरेल. गिअर ऑइलही आत्ताच बदला. दुधाळ निघालं तर पाणी शिरतंय, सील बघा. ते काम नारळी पौर्णिमेपर्यंत लांबवू नका. बॅटरी घरात.

आणि कृपा करून इंजिन प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका! मुंबईच्या जुलैत आत ओल धरते आणि गंज तिथूनच सुरू होतो. खालून हवा खेळेल अशी ताडपत्री पुरते.